मिठागराची माती

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून ठाण्याकडे येताना मुलुंडच्या आसपास उजव्या हाताला मिठागरं दिसतात. अजून तरी दिसतात. १९९२ साली जपानच्या ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’मध्ये एका नव्या अँटिबायोटिकवर शोधनिबंध आला होता. नाव मर्सासिडिन. ते तयार करणारा जीवाणू बॅसिलस कुळातला, त्याचा नंबर एचआयएल वाय-८५,५४७२८, आणि तो सापडला होता मुलुंडच्या मिठागराच्या मातीत. एचआयएल म्हणजे होक्स्ट इंडिया लिमिटेड. लेखकांच्या यादीत जर्मन नावं होती, गांगुली आणि चॅटर्जी होते, आणि लाड, फणसळकरही होते. ही मंडळी राहायला कुठे होती मला ठाऊक नाही. पण तो अंक कॉलेजच्या लायब्ररीत वाचताना मी ती परस्पर डोंबिवली लोकलमध्ये बसवून टाकली, कारण माझ्या ओळखीचे लाड-फणसळकर सगळे त्याच गाडीत भेटायचे.

मी त्या संशोधन केंद्रात कधी काम केलं नाही. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, एवढाच माझा अधिकार. पण आमच्या पिढीत बीएस्सीला मायक्रो घेतलेल्या मुलामुलींना नोकरीचा नकाशा पाठ असायचा. मुलुंडला होक्स्ट, ठाण्याला ग्लॅक्सो, कोलशेतला सँडोझ आणि बायर, ठाणे-बेलापूर रोडला फायझर. पलीकडे गोरेगावला सिबा-गायगीचं संशोधन केंद्र होतं, ज्याचं उद्घाटन १९६३ साली पंडित नेहरूंनी केलं होतं. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा होक्स्टमध्ये आर अँड डीला आहे’ हे वाक्य ‘बँकेत आहे’च्या बरोबरीने चालायचं. डोंबिवलीत याहून मोठं प्रशस्तिपत्रक नव्हतं.

होक्स्टचं हे केंद्र सत्तरच्या दशकात नावारूपाला आलं. कोलियस या आपल्याकडच्या वनस्पतीतून फोर्सकोलिन त्यांनीच काढलं आणि ते पुढे जगभरातल्या प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये जाऊन बसलं. पण आम्हा मायक्रोवाल्यांचं लक्ष असायचं ते त्यांच्या माती तपासण्याकडे.

हे काम तेव्हा कसं चालायचं ते आजच्या मुलांना सांगितलं की ती माझ्याकडे जात्यावर दळणाऱ्या आजीकडे पाहावं तशी पाहतात. चमचाभर माती आणायची, सावलीत वाळवायची, निर्जंतुक पाण्यात कालवून पुनःपुन्हा पातळ करायची आणि आगरच्या प्लेटवर पसरायची. दुसऱ्या दिवशी जे भराभर उगवतं त्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. खरी माणसं उशिरा येतात. आठवड्याने, दहा दिवसांनी प्लेटवर खडूच्या भुकटीसारख्या, राखाडी, फिकट गुलाबी, घट्ट रुतून बसलेल्या वसाहती दिसू लागतात. त्या ॲक्टिनोमायसिटीस. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो, तो मुख्यतः त्यांच्याच जिओस्मिन या रसायनाचा. त्यातली एकेक वसाहत लूपने उचलायची, फ्लास्कमध्ये शेकरवर वाढवायची, गाळलेला रस स्टॅफ या जीवाणूच्या प्लेटवरच्या खड्ड्यात टाकायचा आणि रात्रभर थांबायचं. सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, म्हणजे झोन आला, की पट्टीने मोजायचा. आमच्या प्रॅक्टिकलला मुलं दुर्गाडीच्या खाडीकाठची, मलंगगडाच्या पायथ्याची, येऊरच्या जंगलातली माती पुड्या बांधून आणत. एकीने एकदा टिटवाळ्याच्या देवळामागची आणली होती. तिला झोनही मोठा आला आणि मग वर्गात व्हायची ती चर्चा झालीच.

झोन येणं सोपं असतं. तो नवा आहे हे सिद्ध करण्यात माणसाची वर्षं जातात. शंभरातल्या नव्वदाहून जास्त वेळा रसायनतज्ज्ञ वर मान करून सांगतो की हे तर आपलं जुनंच, स्ट्रेप्टोथ्रिसिन आहे, ॲक्टिनोमायसिन आहे. परत माती. मोठ्या कंपन्यांना हे परवडायचं, कारण एखादी पुडी लागली की सगळा खर्च निघत असे. बोर्निओहून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीतून एली लिलीला व्हँकोमायसिन मिळालं. फिलिपाइन्समधल्या मातीतून एरिथ्रोमायसिन मिळालं. सँडोझचा एक माणूस सुट्टीवर नॉर्वेला गेला आणि येताना मातीची पिशवी घेऊन आला. तिच्यातून सायक्लोस्पोरिन निघालं. ते अँटिबायोटिक म्हणून चाललं नाही, पण जगात अवयव-प्रत्यारोपण भरवशाचं झालं ते त्याच्यामुळे. होक्स्टच्या मुलुंड केंद्राला हिमालयातल्या मातीने १९९४ साली बाल्हिमायसिन दिलं. व्हँकोमायसिनचं सख्खं भावंड. त्याच्या निबंधावर पहिलं नाव नाडकर्णींचं, दुसरं एम. व्ही. पटेल यांचं. या पटेलांकडे परत यायचं आहे.

मुंबईचा हा इतिहास सांगताना पिंपरीला विसरणं मला जमत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पायाभरणी १९५४ साली झाली, १९५५मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागलं. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारखाना मात्र सरकारचा. तिथे एम. जे. थिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ संशोधन पाहत होते. पेनिसिलिन बनवून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या अंगणातली माती तपासायला घेतली. १९६१ साली त्यातून हमायसिन आलं, बुरशीच्या रोगांवरचं औषध. कंपनीच्या आद्याक्षरांवरून औषधाचं नाव आणि पिंपरीवरून जीवाणूचं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. नंतर पिकांसाठी ऑरिओफंजिन आलं. कंपनीचं स्वतःचं शास्त्रीय नियतकालिकही होतं, ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’. सरकारी कारखान्याने संशोधनाचं नियतकालिक चालवावं, हे आज कोणाला सांगितलं तर थट्टा वाटेल. २०१६ साली केंद्राने या कंपनीची जास्तीची जमीन विकायचं ठरवलं आणि वर्तमानपत्रांत बातमी आली ती जमिनीच्या भावाची.

त्या काळाचं गुणगान करताना दुसऱ्या बाजूलाही बोट ठेवायला हवं. आमच्या लहानपणी डोंबिवलीत फॅमिली डॉक्टर म्हणजे शेवटचा शब्द. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळत असायची. पेनिसिलिनच्या आधी हातावर टेस्ट डोस, मग पंधरा मिनिटं बाकावर बसायचं आणि कंपाउंडर मधूनच येऊन हाताकडे बघून जायचा. डायक्रिस्टिसिन हे नाव शेजारच्या आजोबांनाही पाठ होतं. घसा धरला की अल्थ्रोसिन, दिवसातून चार वेळा, पोटात जळजळ होईपर्यंत. औषधाची भीती होती हे खरं, पण ती आमच्या मनात होती, प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याच्या मनात असेलच असं नाही. त्या काळात लहान मुलांना टेट्रासायक्लिन सर्रास दिलं गेलं आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे आयुष्यभरासाठी राहिले. आमच्या वर्गाच्या ग्रुप फोटोत ते स्पष्ट दिसतात. तेव्हा सगळे जबाबदार होते आणि आता सगळे बेफिकीर, असं म्हणणाऱ्यांना मी तो फोटो दाखवते.

फरक पडला तो दुसरीकडे. तेव्हा एक औषध निकामी झालं की मागून दुसरं येत होतं. १९४०पासून साठीपर्यंतच्या वीस-पंचवीस वर्षांत आज वापरात असलेल्या बहुतेक अँटिबायोटिक घराण्यांचे मूळपुरुष सापडले. पुढे पाच-सहा दशकं आपण त्यांच्याच मुलानातवंडांवर भागवत आलो. मातीतून जुनंच परत परत मिळू लागलं. नव्वदीत कंपन्यांनी माती सोडून संगणक आणि जीवाणूंची जनुकं धरली, पण तिथूनही अपेक्षेइतकं हाती आलं नाही. आणि हिशेब बिघडला. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक सात दिवस. त्यातून नवं औषध जितकं चांगलं, तितकं ते डॉक्टरांनी कपाटात राखून ठेवायचं. असं औषध कोण बनवणार? अमेरिकेतल्या अकेओजेन या कंपनीने बनवलं. २०१८ साली तिच्या प्लाझोमायसिनला मान्यता मिळाली आणि २०१९च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ते औषध पुढे आपल्या मुंबईच्या सिप्लाने विकत घेतलं.

मुलुंडचं काय झालं? १९९८ साली होक्स्टचं ते संशोधन केंद्र निकोलस पिरामलकडे गेलं. खुद्द होक्स्टही पुढच्याच वर्षी विलीनीकरणात अव्हेंटिस झाली. पिरामलच्या माणसांनी काम सोडलं नव्हतं. पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या एका स्पंजवर राहणाऱ्या जीवाणूतून त्यांनी पीएम१८११०४ नावाचं अँटिबायोटिक शोधलं, एमआरएसएवर, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफवर, चांगलं चालणारं, आणि २०१३ साली त्याचे निबंध प्रसिद्ध केले. २०१४मध्ये कंपनीने नव्या रेणूंच्या शोधाचं काम आवरतं घेतलं. त्याच वर्षी ॲस्ट्राझेनेकाने बंगळुरूचं क्षयरोगावरचं संशोधन केंद्र बंद केलं. माझे दोन विद्यार्थी या लाटेत सापडले. एक आता क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं तपासतो, दुसरी ठाण्यात क्लास घेते. दोघंही तक्रार करत नाहीत, पण भेटले की बोलणं पाचव्या मिनिटाला शेकरवर येतं.

कारखान्यांचंही तेच. ग्लॅक्सोची पोखरण रोडची सुमारे साठ एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ५५५ कोटींना घेतली. बायरची कोलशेतची जमीन त्याआधीच एका बिल्डरकडे गेली होती. तिथे आता टॉवर आहेत आणि जाहिरातीत ‘ग्रीन’, ‘फॉरेस्ट’ असले शब्द. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कारखाने राहिले, पण तिथून येणाऱ्या बातम्या कधी हिरव्या पावसाच्या, कधी गुलाबी रस्त्याच्या, आणि २०१६ आणि २०२४च्या मे महिन्यांत झालेल्या स्फोटांच्या. औषधाचा पट्टा म्हणून ओळखला जाणारा हा परिसर आता औषधाची दुकानं किती जवळ आहेत यावर फ्लॅट विकतो.

आणि दुकानं आहेतच. स्टेशनबाहेर उभं राहिलं की ऐकू येतं, ‘काका, ॲझी पाचशे द्या, तीन गोळ्या.’ सर्दी, ताप, घसा, कशालाही. २०१९ साली देशात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक हेच होतं, ॲझिथ्रोमायसिन ५००. कायदा नाही असं नाही. मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या वहीत नोंद करायची, ती वही तीन वर्षं जपायची. गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेघ असते. मी काउंटरवर एकदा ती वही पाहायला मागितली तेव्हा आतल्या माणसाने माझ्याकडे इन्कम टॅक्सवाली असल्यासारखं पाहिलं.

या कायद्याआधी मुंबईत एक निबंध प्रसिद्ध झाला होता, जो मला मर्सासिडिनच्या निबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मार्च २०१०, हिंदुजा रुग्णालयाचे डॉक्टर. तीन महिन्यांत त्यांना कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जीवाणू सापडले होते, त्यातल्या २२ जीवाणूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक होतं. काही महिन्यांनी लॅन्सेटने तोच विषय मांडला आणि जनुकाच्या नावात दिल्ली का, यावर देशभर वाद पेटला. नावावर भांडताना मुंबईचे ते २२ जीवाणू मागेच राहिले.

कल्याणच्या एका रुग्णालयात आयसीयू पाहणारी माझी जुनी विद्यार्थिनी अधूनमधून फोन करते.

‘मॅडम, क्लेबसिएला आलाय. सगळं रेझिस्टंट.’

‘कोलिस्टिन?’

‘तेवढंच उरलंय. आजोबांची किडनी आधीच नाजूक आहे.’

कोलिस्टिन १९४९च्या सुमारास जपानी मातीतल्या बॅसिलसमधून निघालं. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून पुढे जवळजवळ बाजूला पडलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात ते एका ओळीत उरकलं जाई, परीक्षेला कधी येत नसे. आता त्याच ओळीवर आयसीयू चालतं. २०१९ साली सरकारने कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली. इतकी वर्षं ते तिथे चालू होतं, हे आम्हाला त्या बंदीमुळे नीट कळलं.

आता पटेल. मुलुंडच्या केंद्रातून बाहेर पडलेले हे महेश पटेल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वोखार्टच्या संशोधन केंद्रात गेले. फोर्सकोलिनच्या शोधातले नोएल डिसूझाही काही काळ तिथे होते. नॅडिफ्लॉक्सासिन या मलमातल्या जुन्या औषधाच्या रेणूचा एक हात वेगळा करून, त्याला आर्जिनिनची जोड देऊन त्यांनी नसेतून देता येईल असं औषध बनवलं. त्याचा निबंध २००५ साली आला, लेखकांत डिसूझा, पटेल आणि पी. के. देशपांडे होते. औषध म्हणून मान्यता मिळाली जानेवारी २०२० मध्ये, एम्रोक या नावाने. मधली पंधरा वर्षं कोणी मोजायची? मग नॅफिथ्रोमायसिन, न्यूमोनियासाठी, दिवसातून एकदा, तीन दिवस. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी दिल्लीत त्याचं अनावरण केलं. सुमारे चौदा वर्षं आणि ५०० कोटी रुपये लागले असं तेव्हा सांगण्यात आलं. हे औषध एरिथ्रोमायसिनच्याच वंशातलं, म्हणजे आमच्या अल्थ्रोसिनचं पणतवंड म्हणायला हरकत नाही. पोटात जळजळ करणारं ते, चार वेळचं.

कार्यक्रमात ‘पहिलं स्वदेशी अँटिबायोटिक’ हे शब्द वारंवार आले. औषधाला न जुमानणाऱ्या संसर्गांसाठीचं पहिलं, असा पूर्ण दावा होता, पण मथळ्यांत फक्त पहिलं उरलं. मला पिंपरीचं हमायसिन आठवलं. हे श्रेयाचं भांडण नाही, थिरुमलाचारांच्या वाट्याला येणारं श्रेय कुठल्या मंत्र्याच्या हातात नाहीच. पण थिरुमलाचार, गांगुली, नाडकर्णी, डिसूझा अशी माणसं एकामागून एक उभी होती म्हणून पटेल औरंगाबादला उभे राहिले. मातीतला जीवाणू ओळखणारा डोळा शाळेत तयार होत नाही, तो दुसऱ्याच्या शेजारी बसून तयार होतो, आणि शेजारी बसायची ती जागाच मुलुंडमध्ये उरली नाही. स्मरणरंजन करायचंच असेल तर मला त्या बाकांचं करायचं आहे. काचेची सिरिंज, टेस्ट डोस, कंपाउंडर, यातलं काही परत यावं असं मला वाटत नाही.

आजची मुलं माती आणतात ती पिशवीत नव्हे, छोट्या ट्यूबमध्ये. जीवाणू वाढवण्याआधी त्यातला डीएनए काढतात, वाचून घ्यायला बाहेर पाठवतात आणि लॅपटॉपवर जनुकांचे संच शोधतात. एका जीवाणूच्या जनुकांत जेवढी अँटिबायोटिक्स लपलेली असतात, त्यातलं एखादंच तो प्रयोगशाळेत बनवून दाखवतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. हेवा वाटतो. परवा एकीने येऊरच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचा असा संच दाखवला. मी विचारलं, ‘झोन बघितलास का?’ ती म्हणाली, ‘मॅडम, अजून वाढवला नाही.’ मी तिला प्लेट काढायला लावली.

मर्सासिडिन औषध झालं नाही. वीस अमिनो आम्लांचा, चार कड्यांत गुंफलेला तो रेणू उंदरांत एमआरएसएवर चांगला चालला. पुढे बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की जीवाणूची भिंत जिच्यापासून बनते त्या लिपिड-टू नावाच्या विटेलाच तो धरतो, आणि तेही व्हँकोमायसिन धरतं त्याहून वेगळ्या जागी. त्यामुळे एकाला सरावलेला जीवाणू दुसऱ्यालाही सरावलेला असेलच असं नाही. मुलुंडच्या त्या बॅसिलसवर जर्मनीत काम होत राहिलं, त्याची जनुकं वाचून झाली. इकडे सप्टेंबर २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. माणसांना घरं हवीत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मात्र तिथल्या मातीची एक-एक ट्यूब आधी भरून घ्यावी असं मी दोन-तीन ठिकाणी सुचवून पाहिलं. एका ठिकाणी परवानगीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा हेच ठरेना. दुसरीकडे एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, कोलिस्टिन परत आलं तसं मर्सासिडिन येईल?’ येऊ शकतं, मी म्हटलं, कोणी पंधरा वर्षं पैसे घालायला तयार असेल तर. त्याने लगेच विचारलं, ‘मग गोळीच्या पाकिटावर मुलुंडचं नाव असेल?’

‘नसेल,’ मी म्हटलं. ‘एक्स्पायरी डेट असेल.’